आयडीईत हिरवी टिक, टर्मिनलमध्ये लाल एरर: एकाच कोडचे दोन निकाल का लागतात?

अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टचं सबमिशन उद्यावर आलंय. अँड्रॉइड स्टुडिओमध्ये 'रन' दाबलं की ॲप मस्त चालतंय. सर म्हणतात, "कमांड लाइनवरून बिल्ड करून दाखव." टर्मिनल उघडलं, कमांड दिली आणि स्क्रीनभर लाल अक्षरं.

"पण माझ्याकडे तर चालत होतं!" सॉफ्टवेअरच्या जगात हे वाक्य कॉलेजच्या लॅबपासून मोठ्या कंपन्यांपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. कोडची एक ओळही बदललेली नसते. कॉम्प्युटर तोच, फोल्डर तेच. तरीही एक जण पास म्हणतो आणि दुसरा नापास.

असं का होतं? दोघांपैकी खरं कोणाचं मानायचं? फरक शोधायचा कसा? आणि याचा तुमच्या फोनमधल्या ॲपच्या सुरक्षिततेशी काय संबंध? सोप्या भाषेत समजून घेऊया.

बिल्ड म्हणजे नेमकं काय?

प्रोग्रामर जे लिहितो तो असतो सोर्स कोड. फोन किंवा कॉम्प्युटर तो जसाच्या तसा चालवत नाही. त्याचं भाषांतर करावं लागतं, बाहेरून घेतलेल्या लायब्ररी जोडाव्या लागतात, चित्रं आणि मजकूर एकत्र बांधावा लागतो. या सगळ्या कामाला 'बिल्ड' म्हणतात. अँड्रॉइडच्या बाबतीत शेवटी जी एपीके फाइल मिळते, ते या बिल्डचं फळ.

हे काम करून घेण्याचे दोन रस्ते आहेत. पहिला रस्ता आयडीईचा, म्हणजे इंटिग्रेटेड डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट. अँड्रॉइड स्टुडिओ, इंटेलिजे, एक्लिप्स, एक्सकोड, व्हिज्युअल स्टुडिओ ही त्यातली मोठी नावं. इथे बटण दाबायचं, बाकी सगळं आयडीई बघते.

दुसरा रस्ता कमांड लाइनचा. काळ्या खिडकीत कमांड टाइप करायची आणि ग्रेडल, मेव्हन, एमएसबिल्ड यांसारखी टूल्स थेट चालवायची. कंपन्यांमध्ये प्रत्यक्ष रिलीज होणारं ॲप बहुतेक वेळा याच रस्त्याने तयार होतं. कारण ते काम सर्व्हरवर आपोआप चालतं आणि तिथे बटण दाबायला कोणी बसलेलं नसतं.

म्हणजे तुम्ही दिवसभर जे चालवून बघता तो एक बिल्ड आणि लोकांच्या फोनवर जातो तो दुसरा बिल्ड. या दोघांत फरक असेल, तर तुम्ही तपासलेलं ॲप आणि लोकांना मिळालेलं ॲप वेगळं आहे. म्हणून "आयडीईत चालतंय ना, मग सोड" म्हणून हा प्रश्न टाळता येत नाही.

कोड एकच, मग फरक कुठून आला?

जुन्या डीटीपीवाल्यांना हा अनुभव नवा नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली लग्नपत्रिका एका कॉम्प्युटरवर सुंदर दिसायची. तीच फाइल पेन ड्राइव्हवरून दुसऱ्या दुकानात नेली आणि तिथे तो फाँट नसला की पडद्यावर नुसत्या अगम्य खुणा. फाइल बिघडलेली नसायची. तिला जे सोबत लागतं ते तिथे नसायचं.

बिल्डचंही तसंच आहे. निकाल फक्त कोडवर ठरत नाही. कुठल्या आवृत्तीचं टूल, कुठली जावा, कुठल्या सेटिंग्ज, कुठला फोल्डर, कुठली जुनी शिल्लक, हे सगळं मिळून निकाल ठरतो. आयडीई आणि टर्मिनल एकाच कॉम्प्युटरवर असले तरी यातल्या अनेक गोष्टी ते आपापल्या ठिकाणाहून उचलतात. त्यामुळे "कोड तर तोच आहे" हे खरं असलं तरी ते अर्धंच उत्तर आहे.

फरक पडण्याच्या मुख्य जागा बघूया.

१. एका कॉम्प्युटरवर दोन जावा

अँड्रॉइडवाल्यांना सगळ्यात जास्त छळणारं कारण हेच. अँड्रॉइड स्टुडिओ स्वतःसोबत स्वतःची जावा घेऊन येतो. तुम्ही वेगळी जावा कधी टाकली नसली तरी त्याचं काम चालतं. टर्मिनलमधला ग्रेडल मात्र 'जावा होम' नावाचं सेटिंग बघतो. ते नसेल तर 'पाथ'मध्ये सापडेल ती जावा उचलतो. ती कदाचित पहिल्या वर्षाला लॅबच्या प्रॅक्टिकलसाठी टाकलेली जावा ८ असेल.

२०२३ मध्ये अँड्रॉइड ग्रेडल प्लगइनची ८.० आवृत्ती आली आणि तिला चालण्यासाठी जावा १७ लागते. त्यामुळे आयडीईत सगळं हिरवं आणि टर्मिनलमध्ये "जावा १७ हवी, तुम्ही जावा ११ वापरताय" असा निरोप, हे चित्र नेहमीचं झालं.

उलटंही होतं. टर्मिनलमध्ये नवी कोरी जावा २१ आहे आणि प्रोजेक्टमधला ग्रेडल जुना आहे. ग्रेडल ८.५ च्या आधीच्या आवृत्त्या जावा २१ वर चालत नाहीत. तेव्हा एरर येते: "अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५".

हा ६५ आकडा बघून लोक गोंधळतात, पण त्यातच उत्तर असतं. प्रत्येक जावाला एक आतला क्रमांक असतो. जावा ८ म्हणजे ५२, जावा ११ म्हणजे ५५, जावा १७ म्हणजे ६१ आणि जावा २१ म्हणजे ६५. आकड्यातून ४४ वजा केले की जावाची आवृत्ती मिळते. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मा शोध संपतो.

याच्याच जवळची आणखी एक गफलत आहे. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'ग्रेडलडब्ल्यू' नावाची एक छोटी फाइल असते. तिला रॅपर म्हणतात. या प्रोजेक्टला ग्रेडलची नेमकी कुठली आवृत्ती हवी, हे तिला माहीत असतं. अँड्रॉइड स्टुडिओ सहसा हाच रॅपर वापरतो. टर्मिनलमध्ये मात्र अनेक जण घाईत नुसतं 'ग्रेडल' टाइप करतात. मग कॉम्प्युटरवर आधी कधीतरी टाकलेला वेगळाच ग्रेडल चालू होतो. शेवटच्या 'डब्ल्यू'ने केवढा फरक पडतो बघा.

२. 'पाथ' नावाचा पत्ता

तुम्ही कमांड टाइप केली की कॉम्प्युटर तो प्रोग्राम कुठे शोधतो? 'पाथ' नावाच्या यादीतल्या फोल्डरांमध्ये, क्रमाने. पहिल्यांदा सापडेल तो चालवतो आणि पुढे बघत नाही. 'पाथ', 'जावा होम' अशा सेटिंग्जना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात.

गोम अशी की ही यादी सगळ्यांना सारखी मिळत नाही. मॅकवर टर्मिनल उघडलं की तुमच्या शेलची सेटिंग फाइल वाचली जाते. डॉकवरच्या चिन्हावर क्लिक करून उघडलेलं ॲप ती फाइल आपोआप वाचत नाही. काही आयडीई ती उणीव स्वतः भरून काढतात, एक्सकोड काढत नाही. म्हणूनच रिॲक्ट नेटिव्ह वापरणाऱ्यांना "टर्मिनलमध्ये नोड आहे, एक्सकोडला मात्र सापडत नाही" हा अनुभव येतो. त्यावर उपाय म्हणून रिॲक्ट नेटिव्हच्या प्रोजेक्टमध्ये नोडचा पत्ता लिहून ठेवायला एक वेगळी फाइलच दिलेली असते.

विंडोजवर वेगळी अडचण. तुम्ही सेटिंगमध्ये जाऊन 'जावा होम' बदललं, पण आधीपासून उघडी असलेली खिडकी जुनीच किंमत धरून बसते. आयडीईच्या आत उघडलेलं टर्मिनलही आयडीईकडूनच वारसा घेतं. म्हणून सेटिंग बदलल्यावर टर्मिनल आणि आयडीई दोन्ही पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण अर्धी संध्याकाळ वाचते.

३. भाषांतर करणाराच वेगळा

हे कारण कमी लोकांना माहीत असतं. एक्लिप्स जावाचा नेहमीचा कंपायलर, म्हणजे 'जावासी', वापरत नाही. त्याचा स्वतःचा कंपायलर आहे. दोघं एकाच भाषेचे नियम पाळतात, तरी काही अवघड जागी एकाला जे चालतं ते दुसऱ्याला खटकतं.

त्याहून मोठा फरक म्हणजे कोडमध्ये चूक असली तरी एक्लिप्स बाकीचा प्रोग्राम तयार करू शकतो. चालवताना तो विचारतो, "प्रोजेक्टमध्ये चुका आहेत, पुढे जायचं का?" आपण सवयीने 'प्रोसीड' दाबतो. प्रोग्राम सुरूही होतो. चुकीच्या भागापर्यंत पोचल्यावरच तो "अनरिझॉल्व्ड कंपायलेशन प्रॉब्लेम" म्हणून कोसळतो. तो भाग त्या दिवशी चाललाच नाही, तर चूक आहे हे कळतही नाही. 'जावासी' मात्र चूक दिसली की काम थांबवतो. इथे टर्मिनल खडूस नाही. चूक आधीपासून होती आणि टर्मिनलने ती लपवली नाही, एवढंच.

इंटेलिजेमध्येही एक बारकावा आहे. मेव्हनचा प्रोजेक्ट असेल तर तो साधारणपणे स्वतःच्या पद्धतीने बिल्ड करतो. 'बिल्डचं काम मेव्हनकडे सोपवा' असं सेटिंग तुम्ही वेगळं चालू करावं लागतं. ते बंद असेल, तर मेव्हनच्या फाइलमध्ये लिहिलेल्या काही पायऱ्या, उदाहरणार्थ आपोआप कोड तयार करणाऱ्या प्लगइन, आयडीईच्या बिल्डमध्ये चालतीलच असं नाही.

४. बटण वेगळं, बिल्ड वेगळा

कधी कधी दोन्ही टूल्स बरोबर असतात. आपणच त्यांना दोन वेगळी कामं सांगितलेली असतात.

अँड्रॉइडमध्ये 'डीबग' आणि 'रिलीज' असे दोन मुख्य प्रकार. 'रन' बटण सहसा डीबग प्रकार बनवतं. रिलीज प्रकारात अनेकदा आर-८ नावाचं टूल चालतं. ते न लागणारा कोड काढून टाकतं आणि उरलेल्या कोडमधली नावं छोटी करतं. एखादी लायब्ररी त्या नावांवर विसंबून असेल, तर डीबगमध्ये चालणारं ॲप रिलीजमध्ये उघडताच बंद पडतं. त्यामुळे तुलना करताना आधी विचारायचं: मी दोन्हीकडे एकच प्रकार बनवतोय का?

एक गंमत व्हॉट्सॲपवाल्यांसाठी. 'रन' दाबून तयार झालेली एपीके मित्राला व्हॉट्सॲपवर पाठवली आणि त्याच्या फोनवर ती इन्स्टॉलच झाली नाही, असं झालंय का? अँड्रॉइड स्टुडिओ 'रन' बटणाने बनवलेल्या एपीकेवर 'टेस्ट ओन्ली' असा शिक्का मारतो. अशी फाइल फक्त डेव्हलपरच्या टूलमधून, केबल किंवा वायफायने जोडलेल्या फोनवर टाकता येते. मित्राला द्यायची असेल तर बिल्ड मेनूतून एपीके बनवायची किंवा टर्मिनलमधून 'असेंबल डीबग' हे काम चालवायचं. कोड तोच, तरी एक फाइल इन्स्टॉल होते आणि दुसरी होत नाही.

सहीचंही तसंच. प्रत्येक एपीकेवर डिजिटल सही लागते. डीबगसाठीची चावी प्रत्येक कॉम्प्युटरवर आपोआप आणि वेगळी तयार होते. म्हणून तुमच्या लॅपटॉपवर बनलेल्या ॲपमध्ये गुगल लॉगिन चालतं आणि टीममधल्या दुसऱ्याच्या लॅपटॉपवर बनलेल्यात चालत नाही. कारण गुगलकडे नोंदवलेली असते फक्त तुमच्या चावीची ओळख.

५. जुनी शिल्लक आणि घरातल्या घरात राहणाऱ्या फाइली

वेळ वाचावा म्हणून आयडीई सगळं दर वेळी नव्याने बनवत नाही. आधी बनवलेलं साठवून ठेवते. याला कॅश म्हणतात. तुम्ही एखादी फाइल पुसली, पण तिच्यापासून आधी तयार झालेला तुकडा कॅशमध्ये शिल्लक राहिला, तर आयडीई त्याच्या जोरावर काम चालवून नेऊ शकते. नव्या फोल्डरमध्ये केलेल्या बिल्डला तो तुकडा कुठून मिळणार?

दुसरा प्रकार गिटमध्ये न जाणाऱ्या फाइलींचा. अँड्रॉइड स्टुडिओ 'लोकल डॉट प्रॉपर्टीज' नावाची फाइल आपोआप बनवतो. त्यात या कॉम्प्युटरवर एसडीके कुठे आहे त्याचा पत्ता असतो. ही फाइल गिटवर टाकायची नसते, कारण प्रत्येकाचा पत्ता वेगळा. पण मग दुसऱ्याने प्रोजेक्ट उतरवून थेट कमांड दिली की "एसडीके लोकेशन नॉट फाउंड" असं उत्तर येतं. त्याने प्रोजेक्ट एकदा अँड्रॉइड स्टुडिओत उघडावा किंवा 'अँड्रॉइड होम' हे सेटिंग द्यावं, की प्रश्न सुटतो.

आणि सर्व्हरवर हमखास अडवणारी गोष्ट: चित्राच्या फाइलचं नाव मोठ्या अक्षराने सुरू होतं आणि कोडमध्ये ते छोट्या अक्षराने लिहिलंय. विंडोज आणि मॅक साधारणपणे दोन्ही एकच मानतात. लिनक्स मानत नाही. बिल्ड सर्व्हर बहुतेकदा लिनक्सवर असतो.

मराठी अक्षरांची चिन्हं का होतात?

आता आपल्या भाषेचा मुद्दा. कोडमध्ये 'नमस्कार' लिहिलंय. आयडीईतून चालवलं की 'नमस्कार' दिसतं. विंडोजच्या टर्मिनलमधून 'जावासी'ने बिल्ड केलं की त्या जागी डोक्यावर रेघ असलेला लॅटिन 'ए' आणि सोबत विचित्र खुणा, पुन्हा पुन्हा. कधी नुसती प्रश्नचिन्हं.

कारण असं. हल्ली फाइली यूटीएफ-८ या पद्धतीने साठवल्या जातात. त्यात 'न', 'म', 'स' अशा देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. आयडीईला हे ठाऊक असतं. पण जावा १८ च्या आधीचा कंपायलर, तुम्ही वेगळं सांगितलं नाही, तर ऑपरेटिंग सिस्टीमची जी मूळ पद्धत असेल तीच धरतो. विंडोजवर ती अनेकदा पश्चिम युरोपीय भाषांसाठी केलेली जुनी पद्धत असते. तिच्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर. मग तीन बाइटचा आपला 'न' तीन वेगळ्या चिन्हांमध्ये फुटतो.

इंग्रजी अक्षरं दोन्ही पद्धतींत सारखीच असतात. त्यामुळे इंग्रजी ॲप बनवणाऱ्याला ही अडचण दिसतच नाही. ती मराठी, हिंदी, तमिळवाल्यांनाच भेटते. मार्च २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून यूटीएफ-८ हीच मूळ पद्धत झाली. जुन्या जावावर काम असेल, तर 'जावासी'ला एन्कोडिंगचा पर्याय देऊन यूटीएफ-८ सांगायचं. मेव्हन किंवा ग्रेडल असेल, तर ते बिल्ड फाइलमध्येच लिहून टाकायचं. मेव्हन तर इशाराही देतो की एन्कोडिंग न सांगितल्यामुळे हा बिल्ड प्लॅटफॉर्मवर अवलंबून आहे. आपण तो पिवळा इशारा वाचत नाही, ही वेगळी गोष्ट.

मग शोधायचं कसं?

अशा वेळी पहिला मोह होतो तो दिसेल ते सेटिंग बदलण्याचा. तसं केलं की कधी कधी अडचण जाते, पण कशामुळे गेली ते कळत नाही आणि आठवड्याने ती परत येते. त्याऐवजी हा क्रम धरा.

पहिली पायरी: एकाच गोष्टीची तुलना करताय ना? दोन्हीकडे फोल्डर तेच, गिटची शाखा तीच, बिल्डचा प्रकार तोच आहे का ते बघा. एडिटरमध्ये सेव्ह न केलेला बदल नाही ना? बरेच वाद इथेच मिटतात.

दुसरी पायरी: एरर पूर्ण वाचा. शेवटची ओळ बहुतेक वेळा फक्त "बिल्ड फेल्ड" सांगते. खरं कारण वर, पहिल्या एररपाशी असतं. ग्रेडलमध्ये "व्हॉट वेंट राँग" या ओळीखाली बघा. आयडीईतही बिल्डच्या खिडकीत पूर्ण मजकूर बघण्याची सोय असते.

तिसरी पायरी: दोन रकाने आखा. कागदावर डावीकडे 'आयडीई', उजवीकडे 'टर्मिनल'. टर्मिनलमध्ये 'जावा -व्हर्जन' चालवा. कुठली जावा उचलली जातेय ते विंडोजवर 'व्हेअर जावा' आणि मॅक-लिनक्सवर 'विच जावा' सांगेल. रॅपरला '--व्हर्जन' विचारलं की ग्रेडल आणि त्याची जावा दोन्ही कळतात. अँड्रॉइड स्टुडिओमध्ये सेटिंग्ज, बिल्ड टूल्स, ग्रेडल इथे 'ग्रेडल जेडीके' दिसतं. दोन रकान्यांत जिथे आकडा जुळत नाही, तो पहिला संशयित.

चौथी पायरी: एका वेळी एकच गोष्ट बदला. जावा वेगळी असेल तर आधी फक्त जावा सारखी करा आणि पुन्हा बिल्ड करा. निकाल बदलला, तर कारण सापडलं. नाही बदलला, तर पुढचा संशयित.

पाचवी पायरी: कोऱ्या फोल्डरमध्ये करून बघा. गिटवरून प्रोजेक्ट नव्या फोल्डरमध्ये उतरवा आणि तिथे रॅपरने बिल्ड करा. इथे अडला, तर तुमच्या जुन्या फोल्डरमध्ये असं काहीतरी आहे जे गिटमध्ये नाही. ही चाचणी सबमिशनच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने करावी, अडचण असो वा नसो.

सहावी पायरी: कॅश साफ करा. अँड्रॉइड स्टुडिओ आणि इंटेलिजेमध्ये फाइल मेनूत 'इनव्हॅलिडेट कॅशेस' आहे. एक्सकोडमध्ये 'डिराइव्ह्ड डेटा' फोल्डर रिकामं करता येतं. हे सगळ्यात शेवटी अशासाठी, की आधीच सगळं पुसलं तर नेमका फरक कशाने पडत होता याचा पुरावाही जातो.

दोघांपैकी खरं कोणाचं?

साधा नियम: प्रोजेक्टच्या बिल्ड फाइलमध्ये जे लिहिलंय ते खरं. कोऱ्या फोल्डरमध्ये, रॅपरने, कमांड लाइनवर जो निकाल येतो तो त्याच्या सगळ्यात जवळ जातो. कारण तिथे आयडीईने तुमच्या नकळत केलेली मदत नसते. पण टर्मिनल नेहमीच बरोबर असं नाही. त्यातही पाच वर्षांपूर्वीची जावा दडलेली असू शकते.

म्हणून दुरुस्ती कॉम्प्युटरमध्ये करून थांबू नका, प्रोजेक्टमध्ये करा. 'जावा होम' बदललं तर तुमचा लॅपटॉप सुधारला. कुठली जावा हवी हे ग्रेडलच्या 'टूलचेन' सेटिंगमध्ये लिहिलं, एन्कोडिंग बिल्ड फाइलमध्ये लिहिलं, रॅपर गिटमध्ये ठेवला, लायब्ररींच्या आवृत्त्या पक्क्या केल्या, तर पूर्ण टीम सुधारली. टूलचेनने एक मात्र लक्षात ठेवा: त्याने कोड कुठल्या जावाने कंपाइल होणार ते ठरतं. ग्रेडल स्वतः कुठल्या जावावर सुरू होतो, ते वेगळं बघावं लागतं.

हे फक्त डेव्हलपरचं दुखणं नाही

इथपर्यंत वाचून वाटेल, आपण तर ॲप वापरणारे, आपल्याला काय त्याचं? तर दोन घटना बघा.

सप्टेंबर २०१५. चीनमधले अनेक डेव्हलपर ॲपलच्या सर्व्हरवरून एक्सकोड हळू उतरतं म्हणून फाइल शेअरिंग साइटवरून ते घेत होते. त्यातल्या काही प्रतींमध्ये कोणीतरी घातक कोड घुसवलेला होता. अशा एक्सकोडमध्ये बनलेल्या ॲपमध्ये तो कोड आपोआप जात होता. डेव्हलपरचा सोर्स कोड स्वच्छ, तरी ॲप दूषित. वीचॅटची एक आवृत्तीही त्यात सापडली. ही ॲप ॲपलच्या तपासणीतून पार होऊन ॲप स्टोअरवर पोचली होती. हे प्रकरण 'एक्सकोडघोस्ट' म्हणून ओळखलं जातं.

डिसेंबर २०२०. अमेरिकेतल्या सोलरविंड्स कंपनीच्या ओरायन सॉफ्टवेअरचा अपडेट दूषित असल्याचं उघड झालं. सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत तो गेला असावा, असं कंपनीने सांगितलं. हल्लेखोरांनी बिल्डच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम लपवला होता. एमएसबिल्ड सुरू झालं की तो एक सोर्स फाइल गुपचूप बदलायचा आणि बिल्ड संपला की मूळ फाइल परत ठेवायचा. कोड वाचणाऱ्याला काहीच दिसत नव्हतं. कारण गडबड कोडमध्ये नव्हती, बिल्डमध्ये होती.

'कोड तोच, निकाल वेगळा' या प्रश्नाची ही दुसरी, गंभीर बाजू. यावर उत्तर म्हणून 'रिप्रोड्युसिबल बिल्ड्स' ही चळवळ उभी राहिली. कोणीही, कुठेही, त्याच कोडपासून बिल्ड केला तर निकाल बाइट-न्-बाइट सारखा आला पाहिजे, हा तिचा आग्रह. मग बाहेरचा माणूसही स्वतः बिल्ड करून पडताळू शकतो की कंपनीने दिलेली फाइल खरंच त्याच कोडची आहे. लिनक्सच्या डेबियन प्रकल्पात यावर २०१३ पासून काम सुरू आहे. सिग्नल या मेसेजिंग ॲपने २०१६ मध्ये अँड्रॉइडसाठी अशी सोय केली.

हे वाटतं तितकं सोपं नाही. बिल्ड केल्याची वेळ फाइलमध्ये नोंदली गेली तरी दोन निकाल वेगळे होतात. फोल्डरचा पत्ता आत गेला तरी वेगळे होतात. पण त्याची सुरुवात तिथूनच होते जिथे कॉलेजचा विद्यार्थी दोन रकाने आखतो: कुठली जावा, कुठलं टूल, कुठलं सेटिंग.

मदत मागताना काय सांगायचं?

शेवटची कामाची गोष्ट. ग्रुपवर "बिल्ड होत नाहीये, प्लीज हेल्प" एवढंच लिहिलं तर कोणी मदत करू शकत नाही. त्याऐवजी हे द्या:

- ऑपरेटिंग सिस्टीम आणि आयडीईची आवृत्ती
- आयडीईतली जावा आणि टर्मिनलमधली जावा
- ग्रेडल किंवा मेव्हनची आवृत्ती, रॅपर वापरला की नाही
- नेमकी दिलेली कमांड आणि दाबलेलं बटण
- पहिल्या एररपासूनचा मजकूर, फोटो नको, कॉपी केलेला. त्यात पासवर्ड किंवा गुप्त चावी राहिलेली नाही हे आधी तपासा
- कोऱ्या फोल्डरमध्ये करून बघितलं का आणि काय झालं

ही यादी भरता भरताच अनेकदा न जुळणारा आकडा डोळ्यांसमोर येतो आणि ग्रुपवर विचारायची वेळच येत नाही.